फिनलेचे ठिपके आणि माझं फसलेलं प्रकरण

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रगती अहवालाच्या सेमिनारमध्ये मी एक चित्र पडद्यावर लावलं होतं. काळ्याभोर आकाशात तरंगणारा एक चेहरा, भोवती तारे, आणि सगळं चित्र हजारो बारीक ठिपक्यांनी बनलेलं. व्हर्जिल फिनले या अमेरिकन चित्रकाराचं. मी त्या ठिपक्यांबद्दल, प्रकाशाबद्दल, विश्वाच्या अथांगतेबद्दल वगैरे दहा मिनिटं बोलले. बोलून झाल्यावर खूश होते. मग गाईड मॅडमनी विचारलं, "अगं, हे चित्र तू घेतलंस कुठून?"

"मॅडम, एका चित्रसंग्रहातून."

"आणि ते पहिल्यांदा छापलं कुठे होतं?"

"मासिकात."

"मासिकाचं ते पान बघितलंस?"

नव्हतं बघितलं. जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले होते, फुकट होते. पण संग्रहातली चित्रं इतकी सुरेख छापलेली होती की मूळ पानाकडे जावंसं वाटलंच नाही. त्या संध्याकाळी अंक उघडला. चित्र तेच, पण गडद भागातले ठिपके एकमेकांत मिसळून सलग डाग झालेला. फिकट भागातले काही ठिपके उमटलेच नव्हते. आणि पानाच्या मागचा मजकूर त्या चेहऱ्यातून आरपार दिसत होता. माझ्या चाळीस पानी प्रकरणातला निम्मा युक्तिवाद 'त्या काळच्या वाचकाला काय दिसत होतं' यावर उभा होता. त्या वाचकाला ते दिसतच नव्हतं.

प्रकरण टाकून द्यावं लागलं. रडले थोडी, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर जे नव्याने शिकावं लागलं ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवावं म्हणून हा लेख. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करताय किंवा संशोधन आराखडा लिहायला बसलाय. तुमचा विषय चित्रकलेचा नसेलही. पण छापलेल्या कुठल्याही गोष्टीवर काम करणार असाल, तर फिनलेची गोष्ट उपयोगी पडेल.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म २३ जुलै १९१४, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर. वडील लाकूडकाम करायचे. महामंदीच्या काळात ते गेले. शाळकरी वयात 'अमेझिंग स्टोरीज' आणि 'विअर्ड टेल्स' ही मासिकं पोराच्या हाती लागली. पहिलं विज्ञानकथांचं, दुसऱ्यात भयकथा, अद्भुतकथा, विज्ञानकथा सगळ्याची सरमिसळ. दोन्ही 'पल्प' मासिकं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या सर्वांत स्वस्त कागदावर छापलेली. पल्पचा नेहमीचा आकार साधारण सात इंच रुंद, दहा इंच उंच. वाचायची आणि फेकायची.

१९३५ मध्ये फिनलेने काही चित्रं कोणी न मागता 'विअर्ड टेल्स'चे संपादक फार्नस्वर्थ राइट यांच्याकडे पाठवून दिली. राइटना चित्रं आवडली, पण एक शंका आली: एवढं बारीक काम आपल्या कागदावर छापून येईल का? म्हणून त्यांनी आधी चाचणीसाठी छापून पाहिलं. निकाल बरा आला, आणि डिसेंबर १९३५ च्या अंकात फिनलेचं काम पहिल्यांदा झळकलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

बहुतेक लेखांत राइटची ही शंका एक मजेदार किस्सा म्हणून येते आणि लेखक पुढे सरकतो. मीही तसंच केलं होतं. खरं तर या माणसाच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीची किल्ली तिथेच आहे. ती कळायला छपाई थोडी समजून घ्यावी लागेल. कंटाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

तेव्हा मासिकं लेटरप्रेसवर छापली जायची. उठावाची अक्षरं, त्यावर शाई, त्यावर कागद दाबायचा. चित्र छापायचं तर चित्राचाही उठाव हवा. तो करायचा जस्ताच्या पत्र्यावर. चित्राचा फोटो काढायचा, त्याची निगेटिव्ह प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून उजेड पाडायचा. जिथे रेघ आहे तिथला लेप पक्का होतो. मग पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये. लेप नसलेलं जस्त खाल्लं जातं, रेघा उंच राहतात. हाच तो 'ब्लॉक'. आपल्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांत मुद्रकाबरोबर ब्लॉक करणाऱ्याचंही नाव छापलेलं दिसतं, तोच शब्द.

आता यातली मेख बघा. अशा ब्लॉकला फक्त दोन गोष्टी कळतात: शाई आहे किंवा शाई नाही. करडा रंग त्याला माहीतच नाही. पेन्सिलची छटा, पातळ केलेल्या शाईचा वॉश, यातलं काहीच त्याला झेपत नाही. करड्यासाठी दुसरी पद्धत होती, हाफटोनची. काचेवरच्या बारीक जाळीतून चित्राचा फोटो काढायचा, म्हणजे छटांचे आपोआप लहानमोठे ठिपके होतात. पण जाळी किती बारीक घेता येईल हे कागदावर ठरतं. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १३३ किंवा १५० रेषांची जाळी चालते. वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण ६५ च्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर शाई पसरून सगळा चिखल होतो. पल्प कागद म्हणजे वर्तमानपत्राच्याच जातीचा, खडबडीत आणि शाई पिणारा.

म्हणजे पल्पच्या चित्रकारापुढे पर्याय काय होते? एक, जाड ठसठशीत रेघांत काम करायचं. बरेच जण तेच करायचे, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. दोन, करडी छटा स्वतःच्या हाताने ठिपक्या-ठिपक्याने उभी करायची, म्हणजे जाळीचं काम टाकाने करायचं. फिनलेने दुसरा रस्ता घेतला.

त्याची हत्यारं साधी होती: टाक, शाई आणि स्क्रॅचबोर्ड. स्क्रॅचबोर्ड म्हणजे पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप दिलेला पुठ्ठा. त्यावर शाई लावून वाळली की धारदार टोकाने खरवडायचं, खालचा पांढरा लेप उघडा पडतो. काळ्यावर पांढरी रेघ अशी मिळते. ठिपक्यांसाठी तो २९० क्रमांकाची अतिशय बारीक लिथोग्राफिक निब वापरायचा. निब दाबायची नाही, टोकावर लोंबणाऱ्या शाईचा फक्त स्पर्श पुठ्ठ्याला होऊ द्यायचा, टोक पुसायचं, पुन्हा शाई, पुन्हा स्पर्श. एकेक ठिपका असा. त्यामुळे ठिपका गोल आणि नेमका यायचा.

एक प्रयोग कराच. सर्वांत बारीक टोकाचं पेन घ्या, एक इंचाचा चौकोन आखा आणि डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा अशी छटा फक्त ठिपक्यांनी भरा. मला पाऊण तास लागला आणि मान अवघडली. मग तो कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या, तेही ज्याच्या मशिनचं टोनर संपत आलंय अशा. काय उरतं बघा. गडद बाजूला गिचका, फिकट बाजूला गायब, मधल्या पट्ट्यात काहीतरी शिल्लक. तो मधला पट्टा म्हणजेच पल्प कागदाने चित्रकाराला दिलेली जागा.

हे कळल्यावर मी फिनलेची मासिकातली पानं पुन्हा बघायला बसले, आणि माझा प्रश्न बदलला. आधीचा प्रश्न होता, 'फिनलेच्या चित्रांत विश्वाची अथांगता कशी व्यक्त होते?' वाचायला छान, तपासायला अशक्य. नवा प्रश्न झाला, 'ज्या पानावर निम्मं काम हरवणार हे ठाऊक होतं, त्या पानासाठी हा माणूस काय काय बदलत होता?' हा तपासता येतो. चेहरा आणि हात अशा महत्त्वाच्या जागा बहुतेकदा त्या मधल्या पट्ट्यात असतात, निव्वळ काळ्यात किंवा निव्वळ पांढऱ्यात नाही. भोवती सलग काळा भरलेला असतो, म्हणजे तिथे शाई पसरली तरी बिघडत नाही. आकाराच्या कडेला पांढरी रेघ खरवडलेली असते, जेणेकरून दोन काळे भाग एकमेकांत मिसळू नयेत. यातलं सगळं त्याने छपाईचा हिशेब करूनच केलं असा माझा दावा नाही. काही गोष्टी नुसत्या चांगल्या दिसतात म्हणूनही चित्रकार करतो. पण निदान आता मी पानावर बोट ठेवून बोलू शकते.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती झाकून पुढे जाऊ नका. वाचकाला अर्धंच दिसत होतं, तर वाचक एवढे खूश कशामुळे होते? कारण होते खरे. 'विअर्ड टेल्स'मध्ये 'द आयरी' नावाचं वाचकांच्या पत्रांचं सदर असायचं, त्यात फिनलेचं नाव कौतुकाने यायला लागलं. रॉबर्ट ब्लॉकच्या 'द फेसलेस गॉड' या कथेसाठी त्याने केलेलं चित्र मे १९३६ च्या अंकात आलं, आणि एच. पी. लव्हक्राफ्टने त्या एका चित्रावर कविता लिहिली. कथेवर नव्हे, चित्रावर! लव्हक्राफ्ट मार्च १९३७ मध्ये गेला, कविता त्याच वर्षी त्याच मासिकात छापली गेली. मी या कोड्यावर महिनाभर अडकले होते. उत्तर अगदी साधं निघालं. वाचक छापलेल्या चित्राची तुलना मूळ चित्राशी करत नव्हताच, मूळ त्याने पाहिलंच नव्हतं. तो तुलना करत होता शेजारच्या पानाशी. त्याच अंकातली बाकीची चित्रं, त्याच कागदावर, त्याच शाईत. त्यांच्या शेजारी फिनलेचं पान ठेवलं की आजही फरक कळतो. म्हणून आता मी कुठलंही एक चित्र सुटं बघत नाही, पूर्ण अंक बघते. जाहिरातींसकट. दमायला होतं, पण इलाज नाही.

आता पैशाकडे आणि वेळेकडे येऊ. पल्पमध्ये चित्रकाराला चित्रामागे पैसे मिळायचे. ठिपके किती दिले यावर भाव ठरत नाही. जाड रेघांत दुपारभरात उरकलेलं चित्र आणि आठवडाभर ठिपके देत केलेलं चित्र, संपादकाच्या वहीत दोन्ही 'एक चित्र'. मुखपृष्ठाला जास्त मिळायचे, आतल्या काळ्या-पांढऱ्या चित्राला बरेच कमी. चकचकीत कागदावरच्या श्रीमंत मासिकांशी तर तुलनाच नको.

फिनलेच्या नावावर एकूण २६०० हून अधिक चित्रं सांगितली जातात, कारकीर्द ३५ वर्षांची. भागाकार करा. वर्षाला सुमारे ७४, म्हणजे दर पाच दिवसांना एक. त्यातून सैन्यातली तीन वर्षं वजा केली तर साडेचार दिवसांना एक. असा कागदाच्या तुकड्यावरचा हिशेब संशोधनात नेहमी करून बघा, आकडा अंगावर येतो. पण लगेच दुसरा प्रश्नही विचारा: 'एक' म्हणजे काय? पानभर चित्र एक, आणि कथेच्या शीर्षकाशेजारी टाकलेला अंगठ्याएवढा तुकडाही एक? रंगीत मुखपृष्ठ एक? एकक न ठरवता सरासरी काढली की ती दिसायला शास्त्रीय आणि आतून पोकळ. माझ्या तक्त्यात आता पानभर, अर्धं पान आणि छोटी सजावट असे तीन वेगळे रकाने आहेत, त्यामुळे माझी सरासरी कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. चालतं.

हा हिशेब जमवायचा तर नियमित पगार हवा. तो आला ए. मेरिटकडून. एब्रहॅम मेरिट हा स्वतः अद्भुतकथांचा गाजलेला लेखक आणि हर्स्ट समूहाच्या वर्तमानपत्रांबरोबर येणाऱ्या 'द अमेरिकन वीकली' या रविवार पुरवणीचा संपादक. त्याने फिनलेला बोलावून घेतलं आणि १९३८ च्या सुमारास फिनले रॉचेस्टर सोडून न्यूयॉर्क शहरात आला. त्याच वर्षी लग्नही झालं. १९३९ मध्ये 'फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज' हे मासिक सुरू झालं. जुन्या गाजलेल्या कथा पुन्हा छापणं हे त्याचं मुख्य काम, त्यात मेरिटच्याही कथा. मजा बघा, कथा वीस-वीस वर्षं जुन्या आणि चित्रं कोरी करकरीत. फिनलेचं सर्वांत देखणं काम याच मासिकात आहे, असं माझं मत. संपादक मेरी नॅडिंजर यांना चित्रांची खरी कदर होती.

(एक गंमत सांगते. फिनलेच्या चित्रांत बुडबुडे, चमकते तारे आणि धुक्याच्या वळ्या फार. पहिल्यांदा बघताना वाटतं, काय ही अंतराळाची कल्पना! पुष्कळदा त्यांचं काम नग्न देहावर नेमक्या जागी येऊन बसणं एवढंच असतं. सभ्यतेची चौकट पाळायची होती ना. प्रतीकशास्त्रावर प्रकरण लिहिण्याआधी हे माहीत असलेलं बरं.)

१९४३ ते १९४६ तो अमेरिकन सैन्यात होता, ओकिनावाची लढाई त्याने पाहिली. हा काळ संशोधकासाठी खड्ड्यांचा आहे. फिनले नसताना 'फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज'ला त्याच धर्तीचा हात हवा होता. ते काम लॉरेन्स स्टर्न स्टीव्हन्स या चित्रकाराकडे गेलं. तो फिनलेपेक्षा तीस वर्षांनी मोठा, सही फक्त 'लॉरेन्स'. मात्र ठिपके, रेघांची जाळी, काळ्या आकाशापुढचा चेहरा, सगळं इतकं जवळचं की सही कापली गेलेल्या स्कॅनमध्ये मी दोनदा फसलेय. 'शैलीवरून ओळखता येतं' असं कुणी म्हणालं तर मला आता जरा हसू येतं. सही, अंकातली श्रेयनामावली आणि इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसमधली नोंद, या तिन्ही जुळल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. तिन्ही नसतील तर रकाना मोकळा.

तारखांचंही असंच. मासिकावर 'डिसेंबर' छापलेलं असतं, पण अमेरिकन मासिकं छापील महिन्याच्या आधीच दुकानात यायची, आणि चित्र त्याच्याही आधी पूर्ण झालेलं असायचं. छापील तारखेला चित्राची तारीख समजलात तर सैन्यात गेलेला माणूस न्यूयॉर्कमध्ये बसून चित्रं काढताना दिसायला लागतो. आणि पुस्तकं तर आणखी फसवी. लव्हक्राफ्टच्या कथांचा 'द आउटसायडर अँड अदर्स' हा संग्रह १९३९ मध्ये आर्कहॅम हाउसने काढला. त्याच्या वेष्टनावर फिनलेचं चित्र आहे, म्हणून ते १९३९ चं काम धरावं? ते वेष्टन आधी मासिकात छापून गेलेल्या त्याच्या चित्रांचे तुकडे जोडून केलेलं आहे. त्यावर 'फिनलेच्या शैलीत १९३९ ला आलेला बदल' शोधणं म्हणजे जुन्या फोटोंच्या कोलाजवरून माणसाचं आजचं वय सांगणं.

स्कॅनबद्दलही एक शब्द. घरबसल्या अंक बघायला मिळतात हे भाग्यच, पण स्कॅन करणाऱ्याने मजकूर वाचता यावा म्हणून काळं-पांढरं गडद केलेलं असतं, फाइल लहान व्हावी म्हणून दाबलेलं असतं. त्यात पहिले बळी जातात ते ठिपके. म्हणजे सेमिनारच्या संध्याकाळी मी ज्या पानाला 'खरं पान' समजून रडले, त्यातलाही काही चिखल १९३० च्या दशकाचा नव्हता, स्कॅनरचा होता! हे मला पुढे एक खराखुरा अंक हातात आला तेव्हा कळलं. पिवळा, कडा तुटणारा, बोटांना भुगा लागणारा. भिंग घेऊन बघितलं तर स्कॅनमध्ये सलग काळा दिसणाऱ्या भागात काही ठिपके सुटे शाबूत होते. शक्य असेल तर एक तरी अंक प्रत्यक्ष हाताळा. बाकीचे शंभर स्कॅन त्याच्या आधाराने वाचता येतात. हे फक्त अमेरिकन पल्पपुरतं नाही. 'नवल' किंवा 'हंस'च्या जुन्या अंकांतल्या कथाचित्रांवर काम करायचं मनात असेल तर ग्रंथालयात जाऊन धूळ खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

युद्धानंतरची काही वर्षं बरी गेली. 'स्टार्टलिंग स्टोरीज', 'थ्रिलिंग वंडर स्टोरीज' अशी विज्ञानकथांची मासिकं भरात होती आणि फिनले त्यांत सतत दिसतो. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विज्ञानकथा संमेलनात ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. आतल्या चित्रांसाठी वेगळा पुरस्कार होता आणि तो फिनलेला मिळाला. बहुतेक चरित्रं इथे शिखर दाखवून थांबतात. पण तेच वर्ष नीट बघा. १९५३ च्या जूनमध्ये 'फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज' बंद पडलं. सप्टेंबर १९५४ मध्ये 'विअर्ड टेल्स'. १९५५ मध्ये 'स्टार्टलिंग' आणि 'थ्रिलिंग वंडर'. ज्या आतल्या चित्रांसाठी त्याला बक्षीस मिळालं ती छापणारी पानंच दोन वर्षांत नाहीशी झाली. आणि ह्यूगोचा तो वेगळा विभागही पुन्हा आला नाही. पुढे व्यावसायिक चित्रकाराला एकच पुरस्कार राहिला.

पल्पच्या जागी लहान आकाराची डायजेस्ट मासिकं आली. 'गॅलेक्सी', 'इफ' वगैरे. फिनलेने त्यांच्यासाठीही काम केलं, पण पान लहान झालं, चित्रं कमी झाली. वाचक टीव्ही आणि पेपरबॅककडे वळत होता. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी ही मासिकं वाटणारी मोठी संस्थाच मोडली आणि उरल्यासुरल्यांचे हाल झाले. घर चालवायचं होतं. फिनले ज्योतिषाच्या मासिकांकडे गेला.

हो, राशिभविष्याच्या. मेष, वृषभ, मिथुन. तीच निब, तेच ठिपके, त्याच काळ्या आकाशापुढचे तेच चेहरे, पण आता परग्रहाऐवजी राशी. चित्रसंग्रहांत हा काळ 'उतरता' म्हणून एका परिच्छेदात आटोपतात किंवा गाळतातच. मीही पहिल्या मसुद्यात एकच वाक्य लिहिलं होतं: 'अखेरच्या वर्षांत त्याला तडजोड करावी लागली.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने लिहिलं, 'कशाची तडजोड? पुरावा?' माझ्याकडे पुरावा नव्हता. मी ती चित्रं पाहिलीच नव्हती. चाहत्यांच्या लिखाणातला सुस्कारा उचलून मी माझा निष्कर्ष म्हणून चिकटवला होता.

मग मिळतील तेवढी पाहिली. ठिपके कमी झालेले नाहीत. रेघ सैल पडलेली नाही. काही राशिचित्रं तर मला १९४० च्या दशकातल्या बऱ्याच कथाचित्रांपेक्षा सरस वाटतात, कारण इथे कथेतल्या प्रसंगाशी बांधून घ्यावं लागत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चित्रामागे पैसे घेतले, त्याने दर्जा उतरवून वेळ वाचवायला हवा होता, आणि तो उतरवलेला दिसत नाही. का नाही, याचं एक उत्तर मला सुचतं: त्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने काम करायचंच नव्हतं. दुसरं जास्त रुक्ष आहे: ठिपके हीच त्याची ओळख होती, संपादक त्याच्यासाठीच बोलवत होते, रेघ सोपी केली असती तर तो इतरांसारखाच एक झाला असता आणि कामच मिळालं नसतं. सध्या माझा कल दुसऱ्याकडे आहे. पुढच्या मसुद्यात बदलेलही.

१९६९ च्या सुरुवातीला कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. थोडं बरं वाटल्यावर त्याने पुन्हा काम सुरू केलं. १८ जानेवारी १९७१ ला तो गेला, वय ५६. त्यानंतर संग्रह निघाले, १९७५ मध्ये गेरी डे ला री यांनी 'द बुक ऑफ व्हर्जिल फिनले' काढलं, आणखीही निघाले. मूळ चित्रांवरून, चांगल्या कागदावर. म्हणजे जे ठिपके पल्पच्या वाचकाला पूर्ण कधीच दिसले नाहीत, ते आपल्याला दिसतात. २०१२ मध्ये विज्ञानकथेच्या हॉल ऑफ फेममध्येही त्याचं नाव गेलं.

माझं ते प्रकरण आता नव्याने लिहून होत आलंय. शेवटी एक मोठा तक्ता आहे, वर्षवार, १९३५ पासून. 'विअर्ड टेल्स'च्या ओळी जवळजवळ पूर्ण भरल्यात. 'फेमस फँटॅस्टिक'च्याही. १९६० च्या दशकात मात्र रकान्यामागून रकाना मोकळा आहे, कारण विज्ञानकथांची मासिकं चाहत्यांनी जपून ठेवली आणि राशिभविष्याची मासिकं महिना संपला की रद्दीत गेली. जुनी मासिकं विकणाऱ्या दोघातिघांना मेल टाकून ठेवलेत. एकाचं उत्तर आलंय: चार अंक आहेत, पण त्यात चित्र कुणाचं आहे ते त्याला सांगता येत नाही. पानांचे फोटो पाठवा म्हटलंय, सहीचा कोपरा न कापता.